शत्रूच्या अंगावरचे कापड

1929च्या जिनिव्हा करारातले बारावे कलम वाचायला अगदी कोरडे आहे. युद्धकैद्याला कपडे, आतले कपडे आणि पादत्राणे पुरवायची जबाबदारी त्याला पकडणाऱ्या राष्ट्राची. ती वेळोवेळी दुरुस्त करून, बदलून द्यायची. जो कामाला जाईल त्याला कामाचे कपडेही द्यायचे. हुद्द्याच्या खुणा आणि पदके काढून घ्यायची नाहीत, असे सहावे कलम सांगते, आणि ती त्याला लावू द्यायची, असे एकोणिसावे. कोठारावरच्या कारकुनाने केलेली यादी वाटावी, असा हा मजकूर आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने याच यादीबरहुकूम तीन लाख सत्तर हजारांच्या आसपास जर्मन सैनिकांना कपडे चढवले. टेक्सास, ओक्लाहोमा, अलाबामा, आयोवा, ॲरिझोना अशा राज्यांत त्यांच्या छावण्या आणि उपछावण्या मिळून पाचशेच्या वर होत्या. एवढ्या माणसांना शर्ट, पँट, मोजे, ओव्हरकोट देणे हे मोठेच काम होते. ते अमेरिकेने इतक्या निगुतीने का केले, याचे नेहमीचे उत्तर ‘माणुसकी’ हे आहे. ते खोटे नाही. पण अपुरे आहे, आणि अपुरेपणा कुठे आहे हे त्या कपड्यांकडेच नीट पाहिले की कळते.

1943च्या मे महिन्यात ट्युनिशियात अक्षराष्ट्रांचे दोन लाखांहून अधिक सैनिक शरण आले आणि कैद्यांचा खरा लोंढा तेव्हापासून सुरू झाला. सामान उतरवून रिकामी परतणारी अमेरिकन जहाजे त्यांना घेऊन नॉरफोकला, न्यूयॉर्कला लागू लागली. उतरल्यावर अंघोळ, कपड्यांना आणि अंगाला उवांचे औषध, नावनिशी, आणि मग रेल्वे. मालगाडीची सवय असलेल्या या शिपायांना गादीच्या आसनांचे डबे मिळाले, याचे त्यांना वाटलेले नवल अनेकांच्या आठवणींत आहे. रोमेलच्या आफ्रिका कोअरमधले लोक वाळवंटात उन्हाने विटलेल्या सुती गणवेशातच आले होते. टेक्सासच्या उन्हाळ्यात ते कापड चालून गेले असते. नेब्रास्का नाहीतर आयोवाच्या थंडीत चालण्यासारखे नव्हते.

छावणीत मिळणाऱ्या कपड्यांत सुती आणि लोकरी पँटी, लोकरी शर्ट आणि कोट, ओव्हरकोट, रेनकोट, बूट, हातमोजे, मोज्यांचे आणि आतल्या कपड्यांचे जोड असा सगळा संच असे. त्यातले पुष्कळसे कापड अमेरिकन लष्करानेच वापरून बाजूला टाकलेले, पुन्हा रंगवलेले असे. कामासाठी निळे डेनिम. आणि त्या सगळ्यावर रंगाने छापलेली दोन ठळक रोमन अक्षरे: पी आणि डब्ल्यू, म्हणजे युद्धकैदी. पाठीवर, बाह्यांवर, पँटीवर. लुइझियानाच्या उसात, मिसिसिपीच्या कापसात, कोलोरॅडोच्या बीटच्या शेतात वाकलेली ही अक्षरे लांबूनही वाचता येत. शेतमालक सरकारकडे चालू दराने मजुरी भरी, आणि कैद्याच्या हातात दिवसाचे 80 सेंट पडत, तेही नाण्यांत न देता कॅन्टीनच्या कुपनांत.

पाठीवर लिहिण्यात अमेरिका एकटी नव्हती. जर्मनीने फ्रेंच आणि इतर कैद्यांच्या पाठीवर के आणि जी ही अक्षरे रंगवली, सोव्हिएत कैद्यांच्या पाठीवर एस आणि यू. कॅनडाने डेनिमच्या सदऱ्यावर पाठीमागे मोठे लाल वर्तुळ शिवले. ते कशासाठी, हे बंदूक हातात धरलेल्या कुणालाही विचारावे लागत नाही. त्या मानाने अमेरिकेची दोन अक्षरे सोज्वळच म्हणायची. त्याच काळात दक्षिणेतल्या राज्यांत पायांत साखळ्या घातलेले गुन्हेगार कैदी पट्ट्यापट्ट्यांच्या कपड्यांत रस्ते खोदताना दिसत. युद्धकैद्याच्या अंगावर ते पट्टे चढले नाहीत, कारण जिनिव्हा कराराच्या दृष्टीने तो गुन्हेगारच नव्हता. त्याचा देश हरत होता, तो स्वतः पकडला गेला होता, बस्स. अक्षरांनी ‘हा पळाला तर धरा’ असे सांगितले. ‘याने पाप केले आहे’ असे सांगितले नाही.

पळण्याचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट सांगून टाकतो. दोन हजारांवर जर्मन कैदी अमेरिकन छावण्यांतून निसटले, पण बहुतेक जण लगेच सापडले. 1944च्या नाताळाच्या तोंडावर ॲरिझोनातल्या पपॅगो पार्क छावणीतून 25 जर्मन नौसैनिक भुयारातून पसार झाले, तेही सगळे पकडले गेले. गेऑर्ग गेर्टनर मात्र 1945च्या सप्टेंबरात न्यू मेक्सिकोतल्या छावणीतून निसटला आणि नाव बदलून थेट 1985पर्यंत अमेरिकन म्हणूनच वावरला. कुंपण ओलांडणे हा पलायनाचा सोपा भाग. अवघड भाग वेगळ्या माणसाच्या कपड्यांत शिरण्याचा. याचा सर्वांत झकास दाखला आपल्याकडे सापडतो. गिर्यारोहक हाइनरिश हारर युद्ध सुरू होताच ब्रिटिशांच्या हाती लागला, तेव्हा त्याला आधी अहमदनगरला, मग देवळालीला आणि शेवटी डेहराडूनच्या छावणीत ठेवले होते. 1944च्या एप्रिलमध्ये त्याच्यासह काही जण तिथून निघाले ते भरदिवसा, फाटकातून: दोघे ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या वेशात, बाकीचे पागोटी बांधलेले, तोंडे काळवंडलेले हिंदी मजूर होऊन, तारेच्या कुंपणाची दुरुस्ती करायला निघालेल्या टोळीसारखे. पहारेकऱ्याने अडवले नाही. साहेब पुढे आणि मागे कुली, ही वसाहतीतली नित्याची रांग होती. तीत चेहरे पाहण्याची कुणाला गरज पडत नसे.

अमेरिकेतल्या छावण्यांकडे परत येऊ. कामाच्या दिवशी अक्षरांचे डेनिम आणि रविवारी, सणाला, सोबत्याच्या अंत्यविधीला आपला स्वतःचा जर्मन गणवेश, अशी पुष्कळ ठिकाणची रीत होती. कराराप्रमाणे हे योग्यच होते. पण त्या गणवेशाच्या छातीवर गरुड होता आणि गरुडाच्या नखांत स्वस्तिक. म्हणजे ज्या राजवटीविरुद्ध अमेरिकेची मुले युरोपात मरत होती, तिचे चिन्ह ओक्लाहोमाच्या माळावर इस्त्री करून मिरवले जात होते, आणि अमेरिकन सरकार त्याला संरक्षण देत होते. गणवेशाबरोबर उतरंडही आली. छावणीचे अमेरिकन कमांडर बऱ्याचदा खूश असत, कारण जर्मन हवालदार-सुभेदार आपापल्या लोकांना शिस्तीत ठेवत आणि पहाऱ्याची माणसे कमी लागत. ही सोय महागात पडली. 1943च्या नोव्हेंबरात ओक्लाहोमातल्या टोंकावा छावणीत योहानेस कुन्झे या कैद्याला अमेरिकनांना माहिती पुरवल्याच्या संशयावरून त्याच्याच सोबत्यांनी रात्री बेदम मारून संपवले. त्या खुनासाठी पाच जर्मन कैद्यांना 1945च्या जुलैत लेव्हनवर्थला फाशी झाली. तारेच्या आत हुकूम बर्लिनचा चालत होता, आणि तो तिथवर पोहोचला त्या शाबूत राखलेल्या गणवेशातून. कराराच्या बाजूने बोलणाऱ्यांनी हा हिशेब लपवू नये. तरीही बिल्ले ओरबाडून काढायला हवे होते, असे मला वाटत नाही. कट्टर नाझींना वेळीच वेगळे काढायला हवे होते. ते काम पुढे ओक्लाहोमातल्याच आल्व्हा छावणीच्या रूपाने झाले, पण उशिरा.

मग एवढा सांभाळ कशासाठी? जर्मनीच्या ताब्यात अखेरीस नव्वद हजारांच्या आसपास अमेरिकन सैनिक होते. स्वित्झर्लंडचे प्रतिनिधी आणि रेडक्रॉसची माणसे दोन्हीकडच्या छावण्या पाहून अहवाल लिहीत, आणि ते अहवाल पलीकडे वाचले जात. टेक्सासमधल्या जर्मनाच्या अंगावर कोट आहे की नाही, यावर बव्हेरियातल्या अमेरिकनाचे काय होईल हे काही अंशी ठरत होते. वॉशिंग्टनमधल्या अधिकाऱ्यांनी ही गोष्ट कधी लपवली नाही; लपवण्यासारखे त्यात काही नव्हतेही. अशी देवघेव नसते तेव्हा काय होते, ते त्याच जर्मनीने दाखवले. सोव्हिएत संघाने 1929च्या करारावर सही केली नव्हती, हे निमित्त पुढे करून जर्मन सैन्याने त्या देशाचे कैदी उघड्या माळावर ठेवले. कित्येकांचे ओव्हरकोट आणि बूट उतरवून घेतले. सुमारे 57 लाखांपैकी तीसएक लाख मेले. मारण्यामागे वंशद्वेष होता, हे खरेच. पण आपल्या माणसांवर सूड उगवला जाईल ही भीती या द्वेषाला पश्चिमेकडे लगाम घालत होती. पूर्वेकडे तो लगाम नव्हता.

इटालियनांचे उदाहरण त्याहून बोलके आहे. 1943च्या सप्टेंबरात इटलीने शरणागती पत्करली आणि ऑक्टोबरात तो देश मित्रराष्ट्रांच्या बाजूने उभा राहिला. त्यानंतर अमेरिकेतल्या ज्या इटालियन कैद्यांनी मदतीची तयारी दाखवली, त्यांच्यासाठी 1944मध्ये वेगळी पथके निघाली. त्यांच्या पाठीवरची अक्षरे गेली, अंगावर अमेरिकन लष्कराचाच गणवेश आला आणि त्यावर ‘इटली’ असे लिहिलेली कापडी पट्टी. कालचा शत्रू अमेरिकन गणवेशात दिसू लागला. त्या माणसांनी मधल्या काळात काय विचार केला, हे कुणी फारसे विचारले नाही. त्यांच्या मागचे राज्य बदलले, म्हणून कपडे बदलले.

ज्याच्या मागे राज्यच नाही, त्याचे काय, हा प्रश्न 1944च्या एप्रिलमध्ये एका अमेरिकन सैनिकानेच विचारला. कॉर्पोरल रूपर्ट ट्रिमिंगहॅमचे पत्र लष्कराच्या ‘यँक’ साप्ताहिकात छापून आले. तो आणि त्याचे आठ सोबती, सगळे कृष्णवर्णीय, लुइझियानातल्या छावणीतून ॲरिझोनाला निघाले होते. वाटेत दक्षिणेतल्या एका रेल्वे स्थानकावर त्यांना कॉफीसुद्धा उपाहारगृहात मिळाली नाही. मागच्या स्वयंपाकघरात जा, असे सांगण्यात आले. तेवढ्यात दोन अमेरिकन पहारेकऱ्यांबरोबर दोनेक डझन जर्मन कैदी आले, आत टेबलांशी बसले, जेवले, सिगारेटी ओढत गप्पा मारू लागले. ट्रिमिंगहॅम दारातून पाहत होता. अंगावरचा गणवेश पाहिला तर आत बसण्याचा हक्क त्याचा होता. या पत्राला गोऱ्या सैनिकांकडूनही संतापाची पत्रे आली, त्यावरून कथा लिहिली गेली. पण नियम तसाच राहिला. 1946च्या फेब्रुवारीत आयझॅक वुडार्ड हा कृष्णवर्णीय सैनिक सेवामुक्त होऊन काही तासच झाले होते. साउथ कॅरोलायनात तो गणवेशातच असताना पोलिसांनी त्याला मारहाण करून कायमचे आंधळे केले.

त्या उपाहारगृहात जर्मनांना आत बसवले ते जिनिव्हा कराराने नव्हे, त्यांच्या कातडीने. पण छावणीत परतल्यावर त्यांच्यामागे करार होता, स्विस निरीक्षक होता, आणि समुद्रापलीकडे ओलीस असलेले अमेरिकन होते. ट्रिमिंगहॅमकडे यातले काहीच नव्हते. त्याच्या वतीने तक्रार ऐकून घेणारे सरकार एकच होते, आणि तेच त्याला स्वयंपाकघरात पाठवत होते. अमेरिकेने शत्रूला दिलेल्या वागणुकीचा गौरव करणाऱ्या पुस्तकांत हे पत्र बहुधा तळटीप म्हणून येते. मला ते त्या सगळ्या व्यवहाराची किल्ली वाटते.

1945च्या वसंतात दोन गोष्टी एकदम घडल्या. नाझींच्या छळछावण्या जगाने पाहिल्या, आणि जर्मनीच्या ताब्यातले अमेरिकन कैदी सुटले. अमेरिकेतल्या जर्मन कैद्यांचे जेवण त्याच सुमारास एकाएकी उतरले. अन्नटंचाईचे कारण दिले गेले, लोकांचा संतापही खराच होता. पण ओलीस सुटले होते, हेही तितकेच खरे. युरोपात शरण आलेल्या लक्षावधी जर्मनांना तर ‘नि:शस्त्र केलेले शत्रुसैन्य’ असे नाव देऊन कराराच्या बाहेरच ठेवले गेले. छावण्यांतल्या कैद्यांना छळछावण्यांचे चित्रपट सक्तीने दाखवले. नॉर्थ कॅरोलायनातल्या कॅम्प बटनरमध्ये चित्रपट पाहिल्यावर सुमारे हजार कैद्यांनी आपले जर्मन गणवेश जाळले. यातल्या किती जणांना लाज वाटली आणि किती जणांना लवकर घरी जायचे होते, हे कोण ठरवणार? ज्या गणवेशाने दोन वर्षे त्यांना राखले होते, तो आता अंगावर असून काही मिळणार नव्हते, एवढे त्यांनाही कळले असावे.

या सगळ्यातून माणुसकी वजा करा, असे माझे म्हणणे नाही. आयोवातल्या अल्गोना छावणीत जर्मन कैद्यांनी ख्रिस्तजन्माचा देखावा घडवला, तो आजही तिथे दरवर्षी मांडला जातो. शेतकरी कुटुंबांनी कैद्यांना आपल्या टेबलाशी जेवू घातले, युद्धानंतर पत्रे चालू राहिली, काही जण अमेरिकेत परत येऊन स्थायिक झाले. पण हा जिव्हाळा मागाहून आला. चिंध्यांतल्या, उवा पडलेल्या माणसाला कुणी शेतावर घेतले नसते. आधी कलमाप्रमाणे कपडे आले, मग शेजार.

1949च्या नव्या करारात कपड्यांचे कलम सत्ताविसावे झाले आणि हवामानाचा विचार करावा, अशी भर त्यात पडली. ते कलम अमेरिकेलाही बंधनकारक आहे. 2002च्या जानेवारीत ग्वांटानामोला आणलेल्या माणसांची छायाचित्रे जगाने पाहिली, त्यांत ती नारिंगी कपड्यांत गुडघे टेकून होती. नारिंगी हा अमेरिकन तुरुंगातल्या गुन्हेगाराचा रंग. त्यानंतर महिन्याभरात अध्यक्ष बुश यांनी तालिबान आणि अल् कायदाच्या कैद्यांना युद्धकैद्याचा दर्जा मिळणार नाही, असे ठरवून टाकले. त्यांच्या मागे ज्याला किंमत द्यावी असे राज्य नव्हते, आणि पलीकडे अमेरिकन ओलीसही नव्हते. ओलीस पुढे मिळवले गेले. 2014च्या ऑगस्टमध्ये ‘इस्लामिक स्टेट’ने पत्रकार जेम्स फोली यांच्या हत्येची चित्रफीत प्रसिद्ध केली, तेव्हा मारेकऱ्यांनी त्यांना नारिंगी झगा चढवला होता. त्या रंगाचा हिशेब अमेरिकन प्रेक्षकाला कळावा, इतकाच त्यामागे हेतू होता, आणि तो कळला.