४७–० नंतरची शहात्तर वर्षे

१९४९ च्या फेब्रुवारीत स्टॉकहोमला आइस हॉकीची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली. डेन्मार्कचा संघ या स्पर्धेत पहिल्यांदाच उतरला होता. कॅनडाने त्यांच्यावर ४७ गोल चढवले आणि डेन्मार्कला एकही करू दिला नाही. २२ मे २०२५ रोजी डेन्मार्कमधल्याच हेर्निंग शहरात त्याच स्पर्धेचा उपांत्यपूर्व सामना झाला. समोर पुन्हा कॅनडा होता आणि त्यांच्या संघात सिडनी क्रॉस्बी, नेथन मॅकिनन यांच्यासारखे जगातले अव्वल खेळाडू होते. शेवटच्या मिनिटात गोल करून डेन्मार्कने तो सामना २–१ असा जिंकला.

मला या दोन सामन्यांपेक्षा त्यांच्या मधली शहात्तर वर्षे महत्त्वाची वाटतात. ४७–० अशी हार पत्करलेला देश घरी जाऊन तो खेळ सोडून देऊ शकला असता. जिंकणाऱ्यालाही म्हणता आले असते की, हा खेळ आमचाच आहे, बाकीच्यांना तो जमणार नाही. आइस हॉकीत हे आकडे नवे नव्हते. १९२४ साली शामोनीला झालेल्या पहिल्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये कॅनडाने स्वित्झर्लंडला ३३–०, चेकोस्लोव्हाकियाला ३०–० आणि स्वीडनला २२–० असे हरवले होते. त्या आठवड्यात या खेळाला जागतिक म्हणणे धाडसाचेच होते. पण ३०–० ने हरलेला चेकोस्लोव्हाकिया पंचवीस वर्षांनी, १९४९ च्या त्याच स्टॉकहोमच्या स्पर्धेत, कॅनडाला मागे टाकून जगज्जेता झाला. स्वीडनने पुढे १९९४ आणि २००६ साली ऑलिंपिक सुवर्ण जिंकले, चेक प्रजासत्ताकाने १९९८ साली.

हे कसे घडले? जिद्द, मेहनत ही उत्तरे खरी आहेत, पण अपुरी आहेत. जिद्द हरलेल्या प्रत्येकाकडे असते. आंतरराष्ट्रीय आइस हॉकी महासंघाने केलेली खरी गोष्ट म्हणजे श्रेणींची उतरंड. वरच्या श्रेणीत सोळा देश. त्याखाली पहिली, दुसरी, तिसरी, चौथी श्रेणी, त्यांतही अ आणि ब असे गट, आणि गटात साधारण सहा-सहा संघ. दरवर्षी प्रत्येक गटाची स्वतंत्र स्पर्धा होते, तिचा यजमान असतो, तिची पदके असतात. पहिला येईल तो वर जातो, शेवटचा येईल तो खाली येतो. म्हणजे दुबळ्या संघाला दरवर्षी आपल्या तोडीच्या पाच संघांशी खेळायला मिळते. तो काही सामने जिंकतो, काही थोडक्यात हरतो, आणि थोडक्यात हरण्यातून जे शिकता येते ते ४७–० मधून कधीच शिकता येत नाही. डेन्मार्क पुढची काही दशके अशाच खालच्या गटांत खेळला. २००३ साली तो वरच्या श्रेणीत परतला आणि पहिल्याच सामन्यात त्याने अमेरिकेला ५–२ असे हरवले.

श्रेणी बाजूला ठेवल्या की काय होते, हेही याच महासंघाच्या इतिहासात आहे. २००८ साली महिलांच्या ऑलिंपिक पात्रता फेरीत स्लोव्हाकिया आणि बल्गेरिया एका गटात आले आणि स्लोव्हाकियाने ८२–० असा विजय मिळवला. दीड वर्षाने व्हँकुव्हर ऑलिंपिकमध्ये त्याच स्लोव्हाकियाला कॅनडाने १८–० असे हरवले. प्रत्येक बलवानाला त्याच्याहून बलवान भेटतोच. प्रश्न एवढाच असतो की, हरलेल्याला दुसऱ्या दिवशी कुणाशी खेळायला मिळणार.

ज्यांच्याकडे बर्फाची धड रिंक नाही अशा देशांसाठीही या महासंघाने वाट काढली. २०१७ साली अँडोरामध्ये पहिला डेव्हलपमेंट कप झाला. आयर्लंड, मोरोक्को, पोर्तुगाल असे देश तिथे खेळले. आशियात २००८ पासून चॅलेंज कप सुरू झाला आणि त्याच्या दारातून २००९ साली भारताचा पुरुष संघ अबुधाबीला पहिल्यांदा आंतरराष्ट्रीय सामना खेळला.

भारतीय आइस हॉकी म्हणजे मुख्यतः लडाख. लेहच्या करझू तळ्यावर डिसेंबर ते फेब्रुवारी बर्फ धरतो, तेवढे दोन महिने खेळाचे. सुरुवातीच्या काळात सैनिकी बुटांना पाती ठोकून स्केट्स बनवले जात. डेहराडूनला २०११ च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धांसाठी मोठी रिंक बांधली आणि मग ती अनेक वर्षे बंद पडून राहिली. २०२५ मध्ये ती पुन्हा सुरू झाली. मधल्या काळातल्या खेळाडूंच्या एका पिढीचे त्यात किती नुकसान झाले असेल, याचा हिशेब कुणी मांडलेला नाही. लडाखच्या मुली भारताकडून २०१६ साली पहिल्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेला तैपेईला गेल्या त्या लोकवर्गणीच्या बळावर. २०१७ मध्ये बँकॉकला त्यांनी फिलिपिन्सला ४–३ असे हरवले. तो त्यांचा पहिला विजय. जून २०२५ मध्ये संयुक्त अरब अमिरातीतल्या अल ऐन इथे झालेल्या महिला आशिया चषकात त्यांनी कांस्यपदक जिंकले. आपल्या वृत्तपत्रांत या पदकाला फारशी जागा मिळाली नाही. मिळायला हवी होती. वर्षातले दहा महिने बर्फ नसताना नऊ वर्षांत पदकापर्यंत येणे हे कुठल्याही खेळात मोठे काम आहे, आणि ते शक्य झाले कारण त्यांना फिलिपिन्स, मलेशिया, किर्गिझस्तान असे तोलामोलाचे प्रतिस्पर्धी मिळाले. पहिल्याच वर्षी कॅनडासमोर उभे केले असते, तर आज हा संघ शिल्लक राहिला असता असे मला वाटत नाही.

सातारा जिल्ह्यातल्या मेढ्यात बसून हे लिहायचे कारण काय, असे कुणी विचारेल. जावळीच्या खोऱ्यात बर्फ पडत नाही. आपल्या जिल्ह्याला लडाखचा बर्फ माहीत आहे तो तिकडे पहारा देणाऱ्या जवानांमुळे. पण परक्या पृष्ठभागावर, परक्या नियमांत, वर्गणीच्या पैशावर जगासमोर उभे राहण्याची गोष्ट सातारा जिल्ह्याइतकी कुणालाच जवळची नसेल. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८ साली लंडन ऑलिंपिकला गेले तेव्हा लाल मातीत घडलेल्या या मल्लाला तिथली मॅट आणि आंतरराष्ट्रीय नियम दोन्ही नवे होते. ते सहावे आले. चार वर्षांनी हेलसिंकीला जाण्यासाठी पुन्हा पैसे जमवावे लागले. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी त्यासाठी आपले घर गहाण ठेवले. तिथून खाशाबा कांस्यपदक घेऊन आले. १९४८ च्या सहाव्या क्रमांकाशिवाय १९५२ चे पदक झाले नसते. लडाखच्या मुलींची वाट तीच आहे.

मला खरे म्हणायचे आहे ते मात्र याच्या उलट बाजूबद्दल. बर्फावर आपण खालच्या पायरीवर आहोत. पण काही खेळांत आपण कॅनडा आहोत, आणि तिथे आपण कसे वागतो याकडे आपले लक्ष नाही.

जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीच्या इंदिरा गांधी क्रीडागारात खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. पुरुषांचे वीस आणि महिलांचे एकोणीस संघ आले. १९ जानेवारीला दोन्ही अंतिम सामन्यांत भारताने नेपाळला हरवले, महिलांनी ७८–४० असे आणि पुरुषांनी ५४–३६ असे. दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे, प्रियांका इंगळे आणि प्रतीक वाईकर. ज्या खेळाचे नियम पुण्याच्या मैदानांवर घडले, त्याचा पहिला जागतिक चषक मराठी खेळाडूंनी उचलावा याचा आनंद मलाही झाला. पण त्याच स्पर्धेतला दुसरा एक आकडा माझ्या मनातून जात नाही. भारतीय महिलांनी आपल्या पहिल्या सामन्यात दक्षिण कोरियाला १७५–१८ असे हरवले. मग इराणला १००–१६, मलेशियाला १००–२०, उपांत्यपूर्व फेरीत बांगलादेशला १०९–१६.

आपल्या मुलींनी मुद्दाम सावकाश धावायला हवे होते, असे मी म्हणत नाही. प्रतिस्पर्ध्याला पूर्ण ताकदीने भिडणे हाच त्याचा मान. पण १७५–१८ ने हरलेल्या कोरियन मुली घरी गेल्यावर पुढचा सामना कुणाशी खेळल्या, तो कुणी आयोजित केला, त्यांना मॅट कुठून मिळाली, शिकवायला कोण गेले, हे प्रश्न आपले आहेत. कॅनडाच्या ४७ गोलांना अर्थ आला तो पुढच्या शहात्तर वर्षांत. आपल्या १७५ गुणांना अर्थ येईल की नाही, हे आता ठरते आहे.

याच स्पर्धेत पुरुषांचा नेपाळविरुद्धचा पहिला सामना ४२–३७ असा अटीतटीचा झाला, हेही लक्षात घेतले पाहिजे. नेपाळकडे खो-खो रुजला आहे. म्हणजे हा खेळ रुजू शकतो. दक्षिण आफ्रिकेचे दोन्ही संघ उपांत्य फेरीत आले. इंग्लंड, अमेरिका, ऑस्ट्रेलियाच्या संघांत भारतीय वंशाची मुले दिसली, त्यांत मला काही गैर वाटत नाही. आइस हॉकीतही खेळ आधी स्थलांतरितांच्या पायांनीच फिरला. फक्त त्या महासंघाने नियम घालून दिला की, नव्या देशाकडून खेळायचे तर आधी त्या देशातल्या स्पर्धांत ठरावीक वर्षे खेळले पाहिजे. त्यामुळे बाहेरचा खेळाडू आला की त्याच्याबरोबर स्थानिक क्लबही उभा राहावा लागतो. खो-खोने हा नियम आजच घ्यावा.

लोक म्हणतात, दुसऱ्यांना शिकवले तर आपण हरू. कबड्डीत हे झालेले आहे. १९९० पासून २०१४ पर्यंत आशियाई क्रीडास्पर्धांत पुरुषांचे प्रत्येक सुवर्ण भारताचे होते. २०१८ मध्ये जकार्ताला इराणने आपल्या पुरुषांना उपांत्य फेरीत हरवले आणि महिलांच्या अंतिम सामन्यात २७–२४ अशी मात केली. त्या इराणी मुलींच्या प्रशिक्षक होत्या नाशिकच्या शैलजा जैन. तेव्हा काही जणांनी याला घात म्हटले. माझ्या मते त्या वर्षी कबड्डीसाठी सर्वांत मोठे काम कुणी केले असेल, तर ते शैलजाताईंनी. त्या सामन्यानंतर आशियात कबड्डीचा निकाल आधी सांगता येईनासा झाला. निकाल ठाऊक नसतो म्हणूनच लोक सामना बघायला येतात. ज्या खेळात एकाच देशाने जिंकायचे असते, त्याला ऑलिंपिकमध्ये कुणी जागा देत नाही. भारताला २०३६ चे ऑलिंपिक भरवायचे आहे आणि त्यात आपले देशी खेळ असावेत अशी इच्छा आहे. मग इराणच्या त्या विजयाचे आपण स्वागत करायला हवे.

घरची बाजूही तितकीच कच्ची आहे. विश्वचषक मॅटवर झाला, पण आमच्या भागातल्या बहुतेक शाळांत खो-खो अजून मातीवर आणि दोन लाकडी खांबांमध्ये चालतो. जून ते सप्टेंबर केळघर घाटाकडून पाऊस उतरत राहतो आणि मैदान चार महिने चिखलात जाते. लेहच्या मुलांना दहा महिने बर्फ नसतो, आमच्या मुलांना चार महिने कोरडी जमीन नसते. लेहला त्यासाठी कृत्रिम बर्फाची रिंक उभी करावी लागली. आपल्याला प्रत्येक तालुक्याच्या ठिकाणी छप्पर असलेले एक सभागृह आणि एक मॅट एवढेच हवे आहे. रिंकच्या तुलनेत हा खर्च नगण्य आहे आणि तिच्यासारखे विजेचे बिलही त्याला येत नाही. तालुक्याचा निधी कमानी आणि सुशोभीकरणावर खर्च होताना आपण पाहतो, तेव्हा ग्रामसभेत ही मागणी कुणीतरी केली पाहिजे.

खो-खो महासंघाला माझी विनंती अशी आहे. पुढच्या विश्वचषकात सगळे संघ एकाच रांगेत उभे करू नका. भारत, नेपाळ, दक्षिण आफ्रिका, श्रीलंका, बांगलादेश अशांची वरची श्रेणी करा आणि कोरिया, मलेशिया, पेरू, ब्राझील, भूतान अशांची दुसरी. दुसऱ्या श्रेणीची स्पर्धा दरवर्षी भरवा, तिला स्वतःचा चषक द्या, जिंकणाऱ्याला वर घ्या. भारत त्या स्पर्धेत खेळणार नाही, म्हणून ती भारतातच भरवायला हरकत नाही. ती दिल्लीला नको, साताऱ्याच्या शाहू क्रीडा संकुलात भरवा, फलटणला भरवा, सांगलीला भरवा. राहायला घरे मिळतील, बघायला माणसे येतील, आणि सरावाला आमच्या शाळांतली मुले समोर उभी राहतील. कोरियाच्या त्या संघाला पहिले आमंत्रण पाठवा.