रस्ता त्यालाच बांधू द्या

सोफ्याच्या हाताला पुठ्ठ्याची पट्टी टेकवली आणि वरून खेळण्यातली गाडी सोडली, की खेळ सुरू. मोठ्यांना वाटतं, मजा गाडी पळण्यात आहे. पण मुलांजवळ थोडं बसून पाहावं. गाडी क्षणात खाली पोचते. रस्ता बांधण्यात मात्र अख्खी सकाळ जाते. खरा खेळ रस्त्याचा असतो, आणि शिकणंही तिथंच होतं.

उतार फार उभा झाला तर गाडीचं नाक फरशीवर आपटतं आणि ती उलटते. पुन्हा सोडली, पुन्हा उलटते. मग कधीतरी मूल पट्टीचं खालचं टोक वाकवून फरशीवर आडवं टेकवतं आणि गाडी सुरळीत निघून जाते. वळणावर ती बाहेर फेकली जाते, तेव्हा बाहेरच्या कडेखाली वही सरकवली जाते. घाटातल्या वळणावर रस्त्याची बाहेरची कड उंच ठेवतात ती याच कारणानं. हे मुलाला कुणी सांगितलेलं नसतं, गाडी सांगते. गोल फेरा घालायचा ठरला, तर गोलाच्या माथ्याइतक्याच उंचीवरून सोडलेली गाडी अर्ध्यातच गळून पडते. घर्षण मुळीच नसतं, तरी निदान सव्वापट उंची लागली असती. प्रत्यक्षात त्याहून जास्तच लागते. मूल सव्वापट म्हणत नाही. ते आणखी दोन पुस्तकं आणून खाली रचतं.

गॅलिलिओनं १६३८ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात आपला असाच एक प्रयोग सांगितला आहे. सरळ खाली पडणाऱ्या वस्तूचा वेग त्या काळच्या साधनांनी मोजता येत नव्हता. म्हणून त्यानं लांब लाकडी फळीत पन्हळ कोरली, तिला आतून गुळगुळीत चर्मपत्र लावलं, फळी तिरकी केली आणि काशाचा गोळा सोडला. उतारानं गती मंदावली, तेव्हा कुठे ती मोजता आली. त्याचं आणि मुलाचं नातं मी नुसत्या कौतुकापोटी जोडत नाही. उतार थोडा बदलायचा, पुन्हा सोडायचं आणि काय होतं ते पाहायचं, ही रीत दोघांचीही आहे.

यासाठी दुकानातला ट्रॅक हवाच असं नाही. उलट, ज्याचे तुकडे एकाच तऱ्हेनं जुळतात असा संच मला उणाच वाटतो. त्यात चुकायला जागाच नसते. बोर्डी आणि कोसबाडच्या बालवाड्यांत ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी महागड्या साधनांऐवजी शंख-शिंपले, खडे, बिया, पानं मुलांच्या हाती दिली होती. घरातले पुठ्ठे, पाट, डबे, लाटणं त्याच जातीचे. दिवाळीच्या किल्ल्यावर मातीतून वळणं काढत वर जाणारा रस्ता आपली मुलं कुठल्या संचाशिवायच करत आली आहेत. दोघं मिळून बांधू लागली की भांडणंही होतात, पूल कुणी धरायचा आणि गाडी कुणी सोडायची यावरून. ती त्यांची त्यांना मिटवू द्यावीत.

आपलं काम अवघड आहे, कारण ते हात आवरण्याचं आहे. पट्टी वाकडी दिसली तरी सरळ करू नका. मुलानं विचारलं, तर उत्तराऐवजी एवढंच म्हणा, ‘जरा उंच करून बघू या का?’ आणि रात्री घर आवरताना तो अर्धवट रस्ता मोडू नका. सकाळी त्याला तिथूनच पुढे बांधायचा असतो.