मन मोकळं कर?

"मन मोकळं करा, बरं वाटेल." समुपदेशक म्हणून हे वाक्य मी किती वेळा वापरलं असेल! जुलै २०२१मध्ये महाडला पूर आला, तेव्हा एका शाळेतल्या निवारा केंद्रात एका काकूंनाही हेच म्हणाले. त्या बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "ताई, आधी माझ्या मुलाला फोन लावून द्याल का?"

मी ओशाळले. ऐकायची गरज त्यांची होती की माझी?

१९८०च्या दशकात अमेरिकेत जेफ्री मिचेल यांनी 'डीब्रीफिंग'ची पद्धत मांडली. दुर्घटनेनंतर काही दिवसांतच घडलेलं सगळं बोलून घ्यायचं. पुढे अभ्यासांत दिसलं, की एकाच बैठकीत असं उकरून काढल्याने नंतरचा त्रास टळत नाही. काहींचा तर वाढतो. जागतिक आरोग्य संघटनेची २०११ची मार्गदर्शिका सांगते: पाहा, ऐका, मदतीशी जोडून द्या. बोलायची बळजबरी नको.

मग गप्प माणसाला एकटं सोडायचं का? तेही नाही. फोन लागेपर्यंत मी काकूंशेजारी बसून राहिले. मुलगा सुखरूप होता. नंतर त्या आपणहून बोलल्या, वाहून गेलेल्या शिलाई मशीनबद्दल. तेवढंच.

दुःख ज्याचं, ते कधी, किती आणि कुणापुढे उघडायचं हे ठरवायचा हक्कही त्याचाच. काळजीच्या नावाखाली आपण तो सहज हिरावतो.

एखादा मित्र गप्प असेल, तर "सांग ना, काय झालं?"च्या आधी "जेवलास का?" विचारून बघा. आणि थांबा.