आवाज कोणाचा?

मोटारसायकलला मराठीने तिच्या आवाजावरून नाव दिले : फटफटी. हे वाहन डोळ्यांच्या आधी कानांना भेटते, हे भाषेने फार पूर्वीच ओळखले होते.

आमच्या पुतण्याने बुलेट घेतली आणि महिनाभरातच कंपनीचा सायलेन्सर काढून बेळगावच्या बाजारात मिळणारा दुसरा बसवण्याचे मनात आणले. आवाज भारदस्त, खर्जातला हवा. "काका, तुम्ही काय म्हणता?" असे त्याने विचारले, तेव्हा आम्हांस चटकन नाही म्हणवेना. कारण तरुणपणी आम्हीही येझदीच्या दोन्ही सायलेन्सरांतील नळ्या आपल्या हातांनी काढून टाकल्या होत्या. मैसूरच्या कारखान्यातली ती गाडी. तो कारखाना १९९६ मध्ये बंद पडला. निपाणीहून रात्री परतताना तो आवाज गल्लीच्या तोंडाशी आला की आई चुलीवर तवा ठेवी. तिच्या लेखी तो गोंगाट नव्हता; मुलगा सुखरूप आल्याची वर्दी होती.

समोरच्या घरी मात्र एक वृद्ध अंथरुणाला खिळून होते. त्यांची सून एकदा आईला म्हणाली, "काकू, तुमचा मुलगा आला की तुम्हांला झोप लागते, आमच्या मामंजींची तेव्हाच मोडते." आवाज एकच, आपुलकी असेल तेथे तो निरोप होतो, नसेल तेथे उपद्रव.

आपल्या आवडीचा रंग दुसऱ्यास रुचला नाही, तर तो नजर वळवू शकतो. कानाला पापणी नाही. त्यातही उंच स्वर भिंती बऱ्याच अंशी अडवतात, खर्ज मात्र आत शिरतो. शासनाच्या २००० सालच्या ध्वनिनियमांनी निवासी भागासाठी रात्री दहा ते सकाळी सहा ही मर्यादा ४५ डेसिबल ठेवली आहे. मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीने ध्वनिमर्यादा मोडणाऱ्या वाहनचालकास १०,००० रुपयांपर्यंत दंडाची तरतूदही केली. पण दंडाच्या भीतीने पाळलेली शांतता पोलीस चौकीपुरतीच टिकते.

शिवाय खोल म्हणजे मोठा, हे समीकरणच चुकीचे आहे. तंबोऱ्याचा खर्ज खोल असतो, पण तो गाणाऱ्यावर कुरघोडी करीत नाही. सायलेन्सरमधील पडदे आणि नळ्या धुराच्या धक्क्याची धार मोडतात. ते काढले की खोली वाढो न वाढो, दणका वाढतोच. म्हणून निवड करायचीच, तर आवाजाच्या पोताची करावी, पल्ल्याची नव्हे. घरच्यांना ओळखू यावा आणि शेजाऱ्यांना ओळखावा लागू नये, इतकाच त्याचा हक्क.

पुतण्याला आम्ही एवढेच सांगितले : "दुकानात गाडीवर बसून ठरवू नकोस. रात्री दहानंतर मित्राला तसला सायलेन्सर लावलेली गाडी गल्लीतून एकदाच न्यायला सांग, आणि तू समोरच्या घरात उशीवर डोके टेकून ऐक. मग ठरव."

तो हसला. पण दुकानात अजून गेलेला नाही.