जुळले की चिकटले?

सरकारी औद्योगिक प्रशिक्षण संस्थांच्या मराठीत फिटरला जोडारी म्हणतात, टर्नरला कातारी म्हणतात आणि वेल्डरला म्हणतात संधाता. पहिले दोन शब्द कारखान्यात रुळण्याजोगे आहेत. तिसरा मात्र एखाद्या उपनिषदातून उठून थेट भट्टीपाशी येऊन बसल्यासारखा वाटतो. अकोल्याच्या एमआयडीसीत कुणी कुणाला 'अहो संधाता' अशी हाक मारल्याचे मी कधी ऐकलेले नाही. तेथे तो मिस्त्री किंवा वेल्डिंगवालाच. तरीही हा शब्द मला आवडतो. जोडणे आणि सांधणे यांत एक अंतर आहे, ते या शब्दाने राखले आहे. जोडलेले सोडवता येते. सांधलेले सोडवता येत नाही, ते कापावेच लागते.

ही सांधण्याची विद्या आता घरबसल्या शिकता येते. पूर्वी वेल्डिंगचे यंत्र म्हणजे तेलात बुडालेला अवजड ट्रान्सफॉर्मर. तो हलवायलाच चार माणसे लागत. आता खांद्याला अडकवता येईल एवढे इन्व्हर्टर यंत्र मिळते आणि ते घरच्या विजेवर चालते. शिकवणारा मोबाइलच्या पडद्यावर हजर असतो. तो चिडत नाही, चहा आणायला पाठवत नाही, आणि एकच धडा शंभर वेळा सांगतो. मग अडचण कोठे आहे? माझ्या मते अडचण त्या न चिडण्यातच आहे.

वेल्डिंगमध्ये घडते काय, ते थोडक्यात सांगतो. रॉडचे टोक लोखंडाला टेकवून दोन-तीन मिलीमीटर वर उचलून धरले, की मधल्या फटीत विजेचा चाप पेटतो. त्याचे तापमान काही हजार अंश असते, आणि पोलाद तर दीड हजाराच्या आसपासच वितळते. दोन्ही तुकड्यांच्या कडा वितळतात, रॉडही वितळते, आणि तिघांचे मिळून एक लहानसे तळे तयार होते. ते थिजले की सांधा झाला. रॉडवरचे लेपण जळून वर काळी खपली धरते, ती हातोडीने झाडायची. खाली माशाच्या खवल्यांसारख्या एकसारख्या लाटा दिसल्या की शिकाऊ माणसाचा ऊर भरून येतो. पण या लाटा फक्त वरचे सांगतात. वीज कमी पडली किंवा हात घाईने सरकला, तर रॉडचे लोखंड वितळून कडांवर नुसते बसते. कडा मात्र खाली थंडच राहतात. वरून दागिन्यासारखा सांधा आणि आत दोन तुकडे शेजारी शेजारी, परके.

एकट्याने शिकण्याच्या गोष्टीत आपल्याला एकलव्य आठवल्याशिवाय राहत नाही. त्याच्या अंगठ्यावर पुष्कळ अश्रू ढाळून झाले आहेत. मला कुतूहल आहे ते त्या आधीच्या काळाचे. मातीच्या द्रोणाने त्याला काय शिकवले असेल? माती 'वा' म्हणत नाही, तशी 'चुकलास' असेही म्हणत नाही. एकलव्याला शिकवले ते लक्ष्याने. बाण सुटला की क्षणात कळते, लागला की नाही. पोहणे असेच, पाण्याशी खोटे बोलता येत नाही. सायकल असेच, भाकरी असेच. ज्या विद्येत चूक ताबडतोब तोंडावर येते, ती विद्या माणूस मातीपुढे बसूनही शिकेल. पण काही विद्यांत चूक लपून बसते, वर्षे काढते, आणि ज्याने ती केली त्याला सोडून तिसऱ्याच्याच डोक्यावर पडते. घराचा पाया घालणे, औषध देणे, मुले वाढवणे, आणि हे वेल्डिंग. अमरावती-अकोला रस्त्याचा पंचाहत्तर किलोमीटरचा पट्टा जून २०२२ मध्ये १०५ तास ३३ मिनिटांत डांबरी करून जागतिक विक्रम झाला, त्याचा आम्हा वऱ्हाडकरांना अभिमान आहे. पण घड्याळाने मोजली ती घाई. डांबराची परीक्षा पावसाळे घेतात, आणि त्यांना प्रमाणपत्र देण्याची सवय नाही.

गुरूवाचून शिकणाऱ्याला कमी लेखावे असे मात्र वऱ्हाडात बसून कोणी म्हणू नये. अमरावती जिल्ह्यातील माधानचे गुलाबराव महाराज १८८१ साली जन्मले, तान्हेपणीच त्यांची दृष्टी गेली, आणि त्यांनी गुरू मानला तो सुमारे सहाशे वर्षांपूर्वी समाधिस्थ झालेल्या ज्ञानेश्वरांना. १९१५ साली, वयाच्या चौतिसाव्या वर्षी ते गेले. तेवढ्यात शंभराहून अधिक ग्रंथ मागे ठेवून. गुरू सहाशे वर्षे दूर असला तरी चालला. पण पोथी वाचून दाखवायला दुसऱ्या कुणाचे तरी डोळे शेजारी लागतच होते. मला हे दुसऱ्याचे डोळे महत्त्वाचे वाटतात.

माझा पुतण्या अमरावतीला असतो. बँकेतली नोकरी सांभाळून त्याने घरामागच्या शेडमध्ये हे काम सुरू केले. पहिल्या आठवड्यात काच नीट न धरल्याने एका रात्री त्याचे डोळे पेटले. पापणीखाली वाळू भरल्यासारखे. घरच्यांनी बटाट्याच्या चकत्या ठेवल्या, तो रात्रभर कण्हला, आणि पुन्हा कधी त्याने उघड्या डोळ्यांनी चाप पाहिला नाही. डोळा हा चांगला गुरू. शिक्षा त्याच रात्री देतो. सांध्याने मात्र त्याला काहीच सांगितले नाही. कुंडीचे स्टँड झाले, चपलांचे झाले, आणि फाल्गुनात त्याने माझ्यासाठी कूलरचे स्टँड करून आणले, हिरवा रंग देऊन.

अकोल्याच्या उन्हाळ्यात कूलर ही काय चीज आहे ते मेमध्ये पंचेचाळीस अंश सोसणाऱ्यालाच कळेल. माझी वरच्या मजल्यावरची खिडकी गल्लीवर उघडते. टाकीत साठ लिटर पाणी म्हणजे साठ किलो; पत्रा, पंखा, मोटर वेगळी. आणि हे सगळे भिंतीतून बाहेर आलेल्या चार सांध्यांवर. खाली गल्लीत मुले सावली पाहून खेळतात, आणि उन्हाळ्यात आमच्या गल्लीत सावली असते ती नेमकी या कूलरांखालीच.

मायेने केलेल्या वस्तूची परीक्षा घ्यावी काय? नव्या सुनेची भाजी खारट झाली तरी 'छान झाली' म्हणून खाणे हा आपला धर्म आहे, आणि तो योग्यच आहे. कारण तेथे कौतुक करणारा आणि खारट खाणारा एकच असतो. कूलरचे तसे नव्हते. कौतुक मी करणार आणि खाली उभे राहणार दुसऱ्याचे मूल. माझ्या मायेचा खर्च त्याच्या नावावर टाकण्याचा अधिकार मला कुणी दिला? मी नाक्यावरच्या मिस्त्रीला बोलावले.

मिस्त्रीने स्टँड उलटे केले, सांध्याची मागची बाजू नखाने खरवडली आणि म्हणाला, "काकाजी, हे चिटकलं हाये, जुळलं नाई."

पुतण्याचा चेहरा पडला. मग तो भांडला, आणि त्याचे भांडण अगदीच पोकळ नव्हते. "सर्टिफिकेटवाल्यांनी केलेली गेटं पडत नाहीत का, काकाजी?" पडतात. गेटेच काय, जहाजेही मोडली आहेत. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने रिव्हेटांऐवजी वेल्डिंग करून भराभर जहाजे बांधली. त्यासाठी ज्यांनी कधी रॉड हाती धरली नव्हती अशा हजारो स्त्री-पुरुषांना थोडक्या काळात शिकवून उभे केले. १६ जानेवारी १९४३ रोजी पोर्टलंडच्या धक्क्याला, शांत पाण्यात उभे असलेले 'स्केनेक्टेडी' हे नवेकोरे टँकर जहाज मोठा आवाज होऊन जवळजवळ दोन तुकड्यांत मोडले. थंडीत ठिसूळ होणारे पोलाद हे अशा अपघातांचे एक कारण निघाले, सदोष सांधे हे दुसरे. शिवाय आणखी एक गोष्ट उमगली. रिव्हेटच्या जहाजात तडा एका पत्र्याच्या काठाशी येऊन थांबे; वेल्डिंगने सगळे जहाज एकच पत्रा झाल्यावर त्याला थांबायला जागाच उरली नाही. आमच्या मूर्तिजापूरची शकुंतला आता बंद आहे, पण तिचे १९२१ साली मँचेस्टरला घडलेले वाफेचे इंजिन १९९४ पर्यंत धावले ते रिव्हेटांच्या बॉयलरवर. एकजीव होण्यात बळ आहे, तसा धोकाही आहे, असे ते इंजिन आठवले की वाटते. हे विषयांतर झाले. पण संसाराच्या वयाच्या वाचकांना ते अगदीच परके वाटू नये.

तेव्हा प्रश्न कागदाचा नाही, हे पुतण्याचे म्हणणे मला मान्य. प्रश्न धोका कोणाचा, हा आहे. यवतमाळ जिल्ह्यातल्या फुलसावंगीच्या एका तरुण वेल्डरने मोबाइलवर पाहून, स्वतःच्या हातांनी लोखंड सांधत हेलिकॉप्टर बनवले. ऑगस्ट २०२१ मध्ये चाचणीच्या वेळी तुटलेले पाते लागून तो गेला. त्या बातमीवर लोक हळहळले, काही हसलेही. हसणाऱ्यांचा मला राग आला. त्याने आपल्या यंत्रात पहिल्यांदा दुसऱ्या कुणाला बसवले नाही, स्वतः बसला. धाडस करणाऱ्यांकडून नीतीची जी पहिली अपेक्षा असते, ती त्याने पुरी केली होती. पण शेजारी उभा राहून 'थांब, अजून नाही' म्हणणारे एखादे जाणते माणूस त्याला लाभायला हवे होते. आपण लोकांनी त्याला टाळ्या देऊ केल्या, आणि नंतर अश्रू. त्या दोहोंच्या मधली जी गोष्ट त्याला हवी होती ती आपल्यापाशी तयार नसते.

पुतण्याने त्याच दुपारी मिस्त्रीच्या दुकानात ग्रायंडर मागितला आणि स्वतःच आपला सांधा आडवा कापला. कापलेल्या तोंडावर, दोन लोखंडांच्या मधोमध, पेन्सिलीने ओढावी तशी काळी रेघ होती. तो बराच वेळ पाहत राहिला. पुढे दोन-तीन महिने दर रविवारी तो सकाळच्या गाडीने अकोल्याला येई, दुकानात बसून तुकडे सांधी, वाईसमध्ये धरून घणाने वाकवून मोडी, मोडलेले तोंड मिस्त्रीला दाखवी. वीज किती ठेवावी, अँगलची कड किती घासावी, पाण्याखाली राहणाऱ्या सांध्याला गंज कोठून धरतो, हे सगळे त्याला मोडलेल्या तुकड्यांनी शिकवले. स्टँड नव्याने झाले आणि मेच्या मध्यावर खिडकीला लागले. तोवर आम्ही वाळ्याच्या पडद्यावर पाणी मारून दिवस काढले.

यात एक पेच आहे, तो मला अजून सुटलेला नाही. मोडून पाहिलेला सांधा भिंतीला लागत नाही, आणि भिंतीला लागलेला कधी मोडून पाहिलेला नसतो. शंभर तुकडे मोडून जो विश्वास मिळवायचा, तो न मोडलेल्या एकशे एकाव्या तुकड्याच्या खाती जमा करायचा. वचन देणाऱ्या प्रत्येकाचे असेच असते. लग्नात आपण तरी दुसरे काय करतो?

एका रविवारी मी मिस्त्रीला विचारले, "तुझे काम कोण पाहतो?"

"आंधी उस्ताद पाहे. त्यानं पाह्यल्याबिगर गिऱ्हाइकाले माल देत नोहतो. तो गेला."

"आणि आता?"

त्याने दाराशी बसून खपली झाडणाऱ्या, बारा नंबरच्या रॉडी निवडून ठेवणाऱ्या पोराकडे मान हलवली. "हे पोट्टं पाह्यते."

"त्याला कळते?"

"समदं नाई कयत. पन घाई माही असते, त्याची नसते."

पोराने हे ऐकले असावे. हातातला तुकडा त्याने उलटा करून मागून पाहिला आणि बाजूला ठेवून दिला.