कृपादाने आणि आत्मसंयम : केडगावच्या संदर्भात एक विचार

ख्रिस्ती ईशज्ञानात ‘कृपादान’ म्हणजे पवित्र आत्म्याने एखाद्या व्यक्तीला तिच्या स्वतःच्या लाभासाठी नव्हे, तर मंडळीच्या उभारणीसाठी दिलेले सामर्थ्य, मग ते रोग बरे करण्याचे असो, संदेश देण्याचे असो वा न शिकलेल्या भाषेत प्रार्थना करण्याचे असो. संत पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्रात या दानांची गणना केली आणि त्याच पत्राच्या १४व्या अध्यायात असा दंडकही घातला की, अन्य भाषेत बोलायचे तर दोघांनी किंवा फार तर तिघांनी, तेही एकामागून एक बोलावे आणि अर्थ सांगणारा नसेल तर सभेत गप्प राहावे, कारण संदेष्ट्यांचे आत्मे संदेष्ट्यांच्या स्वाधीन असतात. बोलणाऱ्याला थांबता येते, हे या दंडकामागचे गृहीत आहे, आणि सगळा वाद त्या गृहीताभोवतीच फिरतो.

या वादाचे मराठी मुलखातले ठळक उदाहरण दौंड तालुक्यातील केडगावचे आहे. तेथील मुक्ती मिशनमध्ये १९०५च्या जानेवारीत पंडिता रमाबाईंनी नियमित सामूहिक प्रार्थना सुरू केली, आणि जूनअखेरीस शेकडो मुली एकाच वेळी मोठ्याने रडू, पापकबुली देऊ व प्रार्थना करू लागल्या. पुढे काही जणी अन्य भाषांत बोलू लागल्या, आणि दौंडला मुलांचे अनाथालय चालवणारे मिशनरी अल्बर्ट नॉर्टन यांनी इंग्रजी न येणाऱ्या मुलीला इंग्रजीत प्रार्थना करताना ऐकल्याचे नोंदवून ठेवले. टीकाकारांना यात उन्माद दिसला. शास्त्राध्ययनात वाढलेल्या आणि भाबडेपणाचा आरोप ज्यांच्यावर सहजासहजी करता येणार नाही अशा रमाबाईंनी मात्र हा आवेग दडपला नाही. तरीही आत्म्याच्या बाप्तिस्म्याची आवश्यक खूण प्रीती हीच होय, इतर दाने टाकाऊ नसली तरी ती त्या खुणेची जागा घेऊ शकत नाहीत, अशी भूमिका त्यांनी १९०७मध्ये मांडली. ज्या आवारात अर्थ न कळणारी वाणी उमटत होती, त्याच आवारात रमाबाई मूळ हिब्रू व ग्रीकवरून बायबल साध्या मराठीत आणण्याचे, मरेपर्यंत पुरलेले काम करीत होत्या. अर्थ सांगणारा असावा ही पौलाची अट एवढ्या मोठ्या अर्थाने क्वचितच कोणी पाळली असेल.

मुक्ती मिशन प्रॉटेस्टंट परंपरेतले. कॅथलिक ख्रिस्तसभेत कृपादानांवर भर देणारी करिष्मॅटिक नूतनीकरणाची चळवळ १९६७मध्ये अमेरिकेतील ड्युकेन विद्यापीठाच्या साधना-शिबिरातून सुरू झाली आणि १९७०च्या दशकारंभी मुंबईत पोचली. दौंड आणि शेजारचा शिरूर हे तालुके ज्या पुणे धर्मप्रांतात येतात, तेथील कॅथलिकांसाठी या दानांना दुहेरी चौकट आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४मध्ये कृपादाने कृतज्ञतेने स्वीकारावीत, पण असाधारण दानांच्या मागे उतावळेपणाने लागू नये व त्यांच्या खरेपणाचा निर्णय मेंढपाळांकडे, म्हणजे धर्माधिकाऱ्यांकडे, राहावा, असे सांगितले; आणि त्याच्याही कितीतरी आधी, १३व्या शतकात, संत थॉमस अक्वायनस यांनी माणसाला पवित्र करणारी कृपा आणि इतरांच्या हितासाठी दिलेली कृपा यांत भेद केला होता. त्या भेदाचा परिणाम कठोर आहे: भाषांचे वा आरोग्यदानाचे सामर्थ्य असलेला माणूस पवित्र असेलच असे नाही. आत्मसंयमाला पौल आत्म्याच्या फळांत घालतो, म्हणजे तो चारित्र्यात पिकावा लागतो. दान मात्र एका सायंकाळी मिळू शकते.

गावजत्रेत अंगात येताना पाहिलेल्या शिरूर-दौंडच्या माणसाला बोलणाऱ्याला थांबता येते, या पौलाच्या गृहीताचे वेगळेपण लवकर कळावे. अंगात आलेल्या व्यक्तीच्या बोलण्याची जबाबदारी तिच्यावर नसते, ती देवाची मानली जाते. पौलाच्या सभेत बोलणारा मात्र स्वतःच उत्तरदायी राहतो. मराठी वाङ्मयात या दुसऱ्या स्थितीचे उत्तम चित्र ज्ञानेश्वरीच्या नवव्या अध्यायाअखेर आहे. कृष्णार्जुनांचा संवाद धृतराष्ट्राला सांगणाऱ्या संजयाला सात्त्विक भाव, म्हणजे भक्तीच्या भरात देहावर उमटणारे रोमांच, घाम व अश्रू अनावर होतात आणि जीवदशाच विरू लागते. पण व्यासांनी सोपवलेले काम ते होऊ देत नाही, म्हणून तो डोळ्यांतले पाणी आवरतो, अंगावरचा घाम पुसतो आणि धृतराष्ट्राला लक्ष द्यायला सांगतो. येथे भाव खोटा ठरत नाही, कमीही होत नाही. तो ऐकणाऱ्याच्या हक्कापुढे बाजूला सरतो. धृतराष्ट्रासारखा श्रोता समोर असतानाही हा हक्क मान्य होतो, हे विशेष.

संजय एकटा होता; प्रार्थनासभेत आवेग एकाकडून दुसऱ्याकडे जातो, आणि ध्वनिक्षेपक ज्याच्या हाती आहे त्याला तो वाढवताही येतो. व्हॅटिकनने २००० साली आरोग्यप्रार्थनांसंबंधी काढलेल्या सूचनापत्रात उन्माद, कृत्रिमता, नाटकीपणा व सनसनाटी यांना मनाई करताना ती सर्वांत आधी सभा चालवणाऱ्यांना लागू केली आहे. समोर बसून रडणाऱ्या बाईला आवर घालण्याची घाई अनेकांना असते. व्यासपीठावरच्या माणसाला थांबवण्याचे काम मात्र धर्मप्रांताच्या अधिकाऱ्यांवर येऊन पडते.