कुटकीवर हक्क कोणाचा?

युक्ती आणि प्रयोजन यांचा विचार करून योजिले असता औषध होणार नाही असे एकही द्रव्य जगात नाही, असे चरकाने सूत्रस्थानात प्रतिपादिले. परंतु त्यातील युक्तीची अट मागे पडून विधानाची मात्र सनद झाली, आणि वनस्पती जन्मास येते ती मनुष्याच्या रोगहरणासाठीच, ही समजूत धर्मशील घरांतही रूढ झाली. मला ती मान्य नाही.

वैद्याच्या दुकानात मिळणारी कुटकी म्हणजे करड्या-तपकिरी, सुरकुतलेल्या मुळकांडाचे बोटाएवढे तुकडे. एक कण जिभेवर ठेवावा तर कडवटपणा कितीतरी वेळ हटत नाही. यकृतविकारांत दिल्या जाणाऱ्या आरोग्यवर्धिनीत निम्मा भाग हिचाच असतो. लखनऊच्या केंद्रीय औषधी अनुसंधान संस्थेने हिच्यातील पिक्रोसाइड आणि कुटकोसाइड या द्रव्यांपासून ‘पिक्रोलिव’ सिद्ध केले, आणि कार्बन टेट्राक्लोराइड, पॅरासिटामॉल अशा द्रव्यांनी ज्यांच्या यकृतास इजा केली होती त्या उंदरांत त्याने यकृताचे रक्षण होते असे दाखविले. माणसांवरील पुरावा त्या मानाने तोकडा आहे. पण हा कडूपणा आला कशासाठी? या वर्गातील कडू द्रव्ये वनस्पतीच्या अंगी असतात ती चरणाऱ्या पशूंपासून आणि कुरतडणाऱ्या किडींपासून तिचे रक्षण करण्यासाठी, असे वनस्पतिशास्त्र सांगते. म्हणजे हिमालयात तीन-चार हजार मीटर उंचीवर, थंडीवाऱ्यात, ती स्वतःच्या जिवासाठी जे घडविते, ते आपल्या यकृताच्या उपयोगी पडते. यात ईश्वराची करुणा उणी होते असे मी मानीत नाही. उलट चराचरात त्याचा वास आहे असे जो म्हणतो, त्याला त्या करुणेचा मक्ता एकट्या मनुष्यजातीकडे देता येणार नाही.

हा प्रश्न केवळ तत्त्वचर्चेचा राहिलेला नाही, कारण कुटकीचे औषध मुळकांडात असते आणि ते खणून काढले की बहुधा झाडच जाते. अशा उपशामुळेच १९९७ साली वन्य जीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारविषयक कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात तिची नोंद करावी लागली. मुळकांडाचे तुकडे लावून तिची लागवड करता येते. तेव्हा औषधशाळांनी रानातील माल नाकारून लागवडीचीच कुटकी घ्यावी, आणि आरोग्यवर्धिनी विकत घेणाऱ्या वाचकांनीही आपल्या वैद्यांकडे त्याविषयी आग्रहाने चौकशी करावी.